अल्पाका: लोकरीचा धंदा की पिल्लांचा?

अल्पाका सांभाळणे अवघड नाही. चारा कमी लागतो, कातरणी वर्षातून एकदा. मात्र कळपातला प्राणी असल्याने एकटा ठेवला तर खंगतो. अडचण आहे ती हिशोबात. मादी साडेअकरा महिन्यांनी एकच पिल्लू देते, लोकर वर्षाला जेमतेम २-३ किलो. अमेरिकेत १९८४ पासून आयात सुरू झाली आणि पुढे पैदाशीच्या माद्या २०,००० डॉलरच्याही वर विकल्या गेल्या. लोकरीतून एवढे पैसे कधीच फिटणार नव्हते. नवा पाळणारा पिल्ले विकत घेईल, हाच भरवसा. (आपल्याकडे इमूचे असेच झाले.) २००८ च्या मंदीनंतर गिऱ्हाईक आटले, भाव कोसळले. पेरूत मात्र ४,००० मीटर उंचीवर, जिथे पिके नीट येत नाहीत, तिथे लोकर आणि मांस दोन्हींवर कुटुंबे जगतात. कडाक्याच्या थंडीत पिल्ले तिथेही दगावतात.