आधी अस्तर, मग रंग



ईदीचे पैसे साठवून मुले विमानांची, जहाजांची, मोटारींची प्लॅस्टिकची किट घेतात. आठवडाभर खपून एकेक भाग जोडतात, रंग देतात आणि दुसऱ्या रंगासाठी लावलेली चिकटपट्टी काढू लागले की पहिला रंग तिच्याबरोबर सोलून येतो. मूल हिरमुसते, डबा कपाटावर जातो. अम्मी म्हणते, दुकानदाराने रंगच हलका दिला. पण अशा वेळी दोष बहुधा रंगाचा नसतो. रंगाखाली अस्तर, म्हणजे प्रायमर, दिलेले नसते.

ही किट बहुतेक पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकची असतात. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि तो काहीही शोषत नाही. त्यामुळे पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग त्यावर नीट पकड घेत नाही. प्रायमर खाली प्लॅस्टिकला धरतो आणि वर रंगाला किंचित खरखरीत जागा देतो. प्लॅस्टिक, पुट्टी आणि धातू यांचे वेगवेगळे रंगही तो एकसारखे करतो.

मग घरात उरलेला लाकडाचा किंवा लोखंडाचा प्रायमर का चालत नाही? हिशेब करून पाहा. १/७२ मापाच्या मॉडेलमध्ये १.८ मीटर उंचीचा माणूस फक्त २५ मिलिमीटरचा होतो. अशा मॉडेलवर ०.१ मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या विमानावर सात मिलिमीटरचा गिलावाच! पत्र्यांचे सांधे, रिव्हेट, दरवाजाच्या रेषा सगळे बुजून जाते. म्हणून मॉडेलसाठी बनवलेला बारीक प्रायमरच घ्यावा.

तो मुख्यतः दोन प्रकारचा मिळतो. पहिला लॅकर. जपानच्या तामिया कंपनीचा स्प्रे आणि ‘मिस्टर सरफेसर’ हे याच जातीचे. मिस्टर सरफेसरवर ५००, १०००, १२००, १५०० असे आकडे असतात. आकडा जितका मोठा, तितका थर बारीक. ओरखडे भरायला ५००, साध्या कामाला १०००, चकचकीत मोटारीला १५००. लॅकरची पकड उत्तम असते, तो लवकर वाळतो आणि पॉलिश पेपरने छान घासता येतो. पण त्याचा वास उग्र असतो आणि वाफ आरोग्याला अपायकारक असते.

दुसरा पाण्याचा. स्पेनच्या वायेहो कंपनीचा अ‍ॅक्रिलिक-पॉलियुरेथेन प्रायमर या प्रकारातला. वास कमी, ब्रशनेही लावता येतो, ब्रश पाण्याने धुता येतो. मात्र त्याची कातडी रबरासारखी असते. घासायला गेलात तर सोलते. मोठ्या पंखावर ब्रशचे फराटेही दिसतात. आणखी एक सांभाळावे, पाण्याच्या अस्तरावर कडक थिनरचा रंग देऊ नये, खालचा थर मऊ पडतो. उलट लॅकरच्या अस्तरावर अ‍ॅक्रिलिक रंग बिनधास्त द्यावा.

मोटारीच्या रंगाच्या दुकानातला स्प्रे प्रायमर स्वस्त पडतो, पण काहींतला थिनर प्लॅस्टिक मऊ करतो. किटचे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात, तिच्या तुकड्यावर आधी मारून पाहावा. शाळेच्या प्रकल्पाच्या थर्माकोलवर तर हे स्प्रे कधीच मारू नयेत, थर्माकोल विरघळतो. तिथे ब्रशने पाण्याचा रंगच बरा.

रंग कोणता? पहिल्या किटला राखाडी. राखाडीवर सांध्यातली फट आणि ओरखडा लगेच दिसतो. तिथे पुट्टी भरून, घासून पुन्हा हात देता येतो. वर पिवळा किंवा लाल द्यायचा असेल तर पांढरा, कारण हे रंग गडद अस्तरावर मळकट दिसतात. चंदेरी धातूच्या रंगाखाली चकचकीत काळा शोभतो.

आता पद्धत. जोडलेले मॉडेल कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून जुन्या टूथब्रशने हलकेच धुवावे. साच्याचे तेल आणि बोटांचा तेलकटपणा निघतो. पूर्ण वाळू द्यावे आणि मग उघड्या हाताने धरू नये. डबा दोन मिनिटे चांगला हलवावा. २० ते २५ सेंटिमीटरवरून, फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून पलीकडे संपवावा. पहिला हात इतका पातळ की खालचे प्लॅस्टिक दिसत राहावे. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन-तीन हात पुरतात. मग एक दिवस हात लावू नये. एवढा सबर मुलांना जड जातो, पण काम त्यावरच टिकते.

हवेकडेही लक्ष द्यावे. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लॅकर मारला की हवेतल्या दमटपणामुळे त्यावर पांढुरकी झाक येते. कडक उन्हात कण हवेतच वाळून पडतात आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. पावसाच्या महिन्यांत एकतर उघडीप पाहावी, नाहीतर ब्रशचे काम करावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्प्रेचा डबा ज्वालाग्राही असतो. स्वयंपाकघरात, गॅस, अगरबत्ती किंवा लोबानच्या निखाऱ्याजवळ तो कधीही वापरू नये. काम गच्चीवर, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली व्हावे. कापडी मास्क थिनरची वाफ अडवत नाही, त्यासाठी कार्बनच्या डब्या असलेला मास्क लागतो. रिकामा डबाही जाळू नये.

तेव्हा निवड दुकानात नव्हे, घर पाहून करावी. खोली लहान, घरात तान्हे बाळ, गरोदर बाई किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर ब्रशचा पाण्याचा प्रायमर आणि लहान मॉडेल. मोकळी गच्ची आणि सोबत बसणारे अब्बू किंवा भाईजान असतील, तर लॅकरचा राखाडी स्प्रे. दोन्हीपैकी काहीही घेतले तरी पहिला हात टाकाऊ तुकड्यावर द्यावा, दुसऱ्या दिवशी त्यावर चिकटपट्टी लावून ओढावी. रंग जागचा हलला नाही, की खुशाल मॉडेल हाती घ्यावे.