बळ श्वानाचे, जबाबदारी धन्याची

केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना एक परिपत्रक धाडले. २३ जातींची कुत्री मानवी जीविताला धोकादायक असल्याने त्यांची आयात, पैदास व विक्री थांबवावी आणि जी आधीच पाळलेली आहेत त्यांचे निर्बीजीकरण करावे, असा त्याचा आशय होता. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेताच ते काढले गेले, या कारणास्तव कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी ते रद्द ठरविले. मात्र रीतसर कार्यवाही करून नवा आदेश काढण्याची मुभा सरकारला ठेवली. तेव्हा मूळ प्रश्न शिल्लक आहेच. बलाढ्य कुत्र्यापासून समाजाचे रक्षण जातीवर बंदी घालून होईल, की धन्याला जबाबदार धरून? त्या यादीतील डोगो अर्जेंटिनो या जातीची जन्मकथा या दृष्टीने उद्बोधक आहे.

अर्जेंटिनातील कोर्दोबा येथे अंतोनियो नोरेस मार्तिनेस यांनी १९२० नंतरच्या दशकात ही जात घडविण्यास आरंभ केला. त्या भागात झुंजीसाठी पाळला जाणारा एक कुत्रा होता. त्याचे धैर्य अचाट, परंतु तो आपल्याच सोबत्यांवर तुटून पडे. साहजिकच टोळीने करावयाच्या शिकारीला तो निरुपयोगी ठरे. मार्तिनेस यांना रानडुकराचा माग निमूटपणे काढणारा, ते सापडताच शिकारी येईपर्यंत धरून ठेवणारा आणि घरी परतल्यावर घराची राखण करणारा कुत्रा हवा होता. म्हणून घ्राणशक्तीसाठी पॉइंटर, उंचीसाठी ग्रेट डेन, सौम्यपणासाठी बॉक्सर, जबड्याच्या ताकदीसाठी बोर्दोचा मास्टिफ अशा अनेक जातींचा संकर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केला. आंतरराष्ट्रीय श्वानसंघाने १९७३ साली या जातीला मान्यता दिली. थोडक्यात, डोगोचा स्वभाव माणसाने हेतुपुरस्सर घडविलेला आहे. निवड आणि संगोपन यांनी जे घडले, ते हेळसांडीने बिघडूही शकते.

पूर्ण वाढलेला नर ६० ते ६८ सेंटिमीटर उंच आणि सुमारे ४० ते ४५ किलो वजनाचा असतो. अंगावरील आखूड केस शुभ्र असल्याने झाडीत तो शिकाऱ्याला चटकन दिसतो. परंतु या शुभ्रतेची किंमत त्याला मोजावी लागते. अंतर्कर्णातील रंगपेशींच्या अभावी काही पिले एका वा दोन्ही कानांनी बहिरी जन्मतात. बहिऱ्या कुत्र्याला मागून कोणी अचानक स्पर्श केला, तर तो दचकून चावा घेण्याचा संभव असतो. धन्याची हाक तर त्याला ऐकूच येत नाही. म्हणूनच पिलांची श्रवणचाचणी करणे आणि बहिऱ्या कुत्र्यांपासून पैदास न करणे, हे पैदासकाराचे कर्तव्य ठरते. कडक उन्हात त्वचा भाजू नये, याचीही काळजी घ्यावी लागते.

या कुत्र्याला रोज भरपूर पळण्याची आणि लहानपणापासून माणसांत व इतर प्राण्यांत मिसळण्याची सवय हवी. शिक्षा आणि मारहाण यांनी तो बिघडतो. सातत्य आणि संयम यांनी शिकतो. रानावनात दौडण्यासाठी घडविलेले हे जनावर प्रतिष्ठेपायी सदनिकेच्या सज्जात दिवसभर साखळीने जखडून ठेवायचे आणि एखादे दिवशी ते कोणावर धावले म्हणजे जातीला बोल लावायचा, हा न्याय नव्हे.

अर्थात, श्वानप्रेमींनीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. लहानशा पामेरियनचा चावा आणि ४५ किलोच्या डोगोचा चावा यांची बरोबरी होऊ शकत नाही. जिन्यावरून जाणाऱ्या मुलाची भीती खोटी नाही आणि तिची टिंगल करण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु बंदीचा अनुभव काय सांगतो? ब्रिटनने १९९१ च्या कायद्याने डोगोसह चार प्रकारांवर बंदी घातली. २०२३ साली त्या यादीत एक्सएल बुली हे पाचवे नाव घालावे लागले. एका नावाला बंदी झाली, की बळाचा शौक दुसरे नाव शोधतो.

आपल्याकडे नियमांचा अभाव नाही. २०१७ च्या नियमांनुसार श्वान पैदासकाराला नोंदणी बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांखालील पिलू विकण्यास मनाई आहे. पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. या तरतुदींची कसोशीने अंमलबजावणी व्हावी. बलाढ्य जातींसाठी पिलाची श्रवणचाचणी, कुत्र्याचे प्रशिक्षण आणि त्याला पुरेशी जागा, या अटी परवान्याला जोडाव्यात. ज्याला त्या पाळता येत नाहीत, त्याने असा कुत्रा पाळू नये. असे झाले तर जिन्यावरचे मूल निर्धास्त होईल आणि धन्याच्या अपराधाची शिक्षा मुक्या जनावराला भोगावी लागणार नाही.