सतरा महिने रिकामी खुर्ची

कलानगरच्या नाक्यावर पोलिसांच्या गाड्या वाढल्या की आम्ही वांद्रे पूर्वेची माणसं पेपर न उघडताच ओळखतो, ठाकरेंच्या ‘मातोश्री’वर काहीतरी शिजतंय. 1995 साली मुख्यमंत्रिपदासाठी मनोहर जोशींचं नाव इथूनच निघालं, 1999 साली नारायण राणेंचंही. म्हणूनच असेल, शिवसेनेतल्या एकनाथ शिंदेंच्या 2022च्या बंडाचा विषय निघाला की आमच्या वसाहतीत अजूनही एकच जर-तर चालतो: उद्धवजींनी आमदारांना वेळ दिला असता तर?

मला हा जर-तर पटत नाही. खरी गफलत विधानभवनात झाली, आणि तीही बंडाच्या सोळा महिने आधी.

4 फेब्रुवारी 2021ला नाना पटोलेंनी विधानसभेचं अध्यक्षपद सोडलं आणि ते काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष झाले. सत्ताधारी महाविकास आघाडीला नव्या अध्यक्षाच्या निवडणुकीतल्या गुप्त मतदानात दगाफटक्याची धास्ती. डिसेंबरात नियम बदलून खुलं मतदान आणलं, तर राज्यपाल कोश्यारी तारीख देईनात. उपाध्यक्ष नरहरी झिरवळ गाडा ओढत राहिले. सरकारी कचेरीत जन्म काढल्यामुळे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. फाईल हलते, खुर्चीचा दरारा मात्र राहत नाही.

आता पटोले खुर्चीतच आहेत असं धरा. बंडखोरांनी झिरवळांवर बजावली तशी अविश्वासाची नोटीस त्यांच्यावरही बजावली असती, हे कबूल. पण अध्यक्षाला हटवायचं तर 14 दिवस आधी सूचना लागते आणि सभागृहाच्या एकूण सदस्यांचं बहुमत लागतं. रिकामी खुर्ची एका दिवसात भरता येते. 3 जुलै 2022ला तेच झालं. राहुल नार्वेकर 164 विरुद्ध 107 मतांनी निवडून आले, तेही आघाडीनेच आणलेल्या खुल्या मतदानाने! त्याच दिवशी शिंदेंची गटनेतेपदी आणि गोगावलेंची प्रतोदपदी नोंद झाली. गोगावलेंची ती मान्यता बेकायदा होती, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं 11 मे 2023ला. तोवर पुलाखालून बरंच पाणी गेलं होतं.

अमेरिकेत ऑक्टोबर 2023मध्ये प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष मॅकार्थींना हटवलं, तेव्हा तिथलं कामकाज ठप्प झालं आणि 22 दिवसांत नवा अध्यक्ष निवडावाच लागला. आपल्या राज्यघटनेच्या 178व्या अनुच्छेदात फक्त ‘शक्य तितक्या लवकर’ एवढंच आहे. तिथे 30 दिवसांची मुदत घाला. मत मागायला दारात येणाऱ्या उमेदवाराला, मग तो कुठल्याही सेनेचा असो, मी हेच विचारणार आहे. तुम्हीही विचारा.