'एएस' म्हणजे काय रे भाऊ?

चॅटिंगमध्ये शॉर्टकट मारण्यात आपला हात कोण धरणार? 'जीएम', 'टीसी', 'एएसएपी'... समोरच्याला कळलं, विषय संपला. पण हाच फंडा केस पेपरवर आला की मामला सीरियस होतो, बॉस!

साधी दोन अक्षरं घ्या. एएस. सेवाग्राम किंवा सावंगीच्या हॉस्पिटलमधून आलेल्या सिकलसेलच्या रिपोर्टवर ती दिसली, तर हा माणूस वाहक. आई किंवा बाबांकडून एक सदोष जनुक आलंय, बाकी गडी ठणठणीत. आता तीच अक्षरं हार्टवाल्यांकडे न्या. एओर्टिक स्टेनोसिस, म्हणजे हृदयाची झडप अरुंद झालेली. सांधेदुखीच्या ओपीडीत? अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, मणके आखडवणारा आजार.

आणखी एक घ्या. एससीटी म्हणजे सिकलसेल ट्रेट, ज्याला सहसा औषधाचीही गरज नसते. आणि एससीटी म्हणजेच स्टेम सेल ट्रान्सप्लांट, सिकलसेलवरचा सगळ्यात मोठा उपचार! एससीडी तर विचारूच नका. इथे सिकलसेल डिसीज, कार्डिओलॉजीत सडन कार्डियाक डेथ.

डॉक्टर गोंधळत नाहीत का? आपापल्या डिपार्टमेंटमध्ये सहसा नाही, कारण संदर्भ समोरच असतो. पण कागद एका जागी थांबतो कुठे? वर्ध्याचा रिपोर्ट व्हॉट्सअॅपवरून पुण्यातल्या मुलाकडे येतो, तो गुगल करतो, आणि रात्रभर सगळं घर जागं!

अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये चक्क 'हे लिहू नका' अशी यादीच काढली. त्यात 'एमएस' होतं, कारण त्याचा अर्थ मॉर्फिन सल्फेटही होतो आणि मॅग्नेशियम सल्फेटही. आपल्याकडे २०१६ मध्ये नियम आला, की औषधांची जेनेरिक नावं सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा. छानच! पण कॅपिटलमध्ये लिहिलेलं एएस शेवटी एएसच राहतं ना?

आणि विदर्भात हा प्रश्न थेट लग्नाच्या बोलणीपर्यंत जातो. एएसला आजार समजून चांगलं स्थळ नाकारणं चूक. आणि दोघंही एएस असताना 'काही नाही हो' म्हणून सोडून देणं त्याहून मोठी चूक. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेलं, असण्याची शक्यता २५ टक्के असते. लग्नाआधी किंवा निदान बाळाचा विचार करण्याआधी डॉक्टरांशी बोलायला हवं, ते यासाठी.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी केबिनमधून उठण्याआधी बिनधास्त विचारा, "डॉक्टर, याचा फुल फॉर्म काय?" आणि तो तिथल्या तिथे, त्याच कागदावर, मराठीत लिहून घ्या. दहा सेकंदांचं काम आहे. आईबाबांना तर हे आजच फोन करून सांगा. ते डॉक्टरांना प्रश्न विचारायला लाजतात, आणि फाइल मात्र तुमच्याकडे पाठवतात!