गोव्यात समुद्राखेरीजही बघण्यासारखं आहे

द्राक्षांचा खुडा आटोपला की आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या सायखेडा-चांदोरी पट्ट्यातून गोव्याला गाड्या निघतात. वर्षभर औषधं फवारून, कर्जाचे हप्ते मोजून दमलेली माणसं चार दिवस समुद्र बघायला जातात. त्यांनी जावंच. मंगेशी, शांतादुर्गा, जुन्या गोव्यातली चर्चं, कळंगुटचा किनारा, येताना काजू, असा रस्ता ठरलेला असतो. शाळांच्या सहलीही याच वाटेनं जातात. मी चित्रकलेची शिक्षिका आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणारी मुलं तयार करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्या मुलांनाही आम्ही गोव्यात नेऊन एक चित्र न दाखवता परत आणतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पणजीत फोंताइन्यस नावाची जुनी वस्ती आहे. तिथल्या रंगीत भिंतींपुढे उभं राहून फोटो काढणाऱ्यांची रीघ लागलेली असते. त्याच वस्तीत ‘फुंदासांव ओरिएंत’ या संस्थेत आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांची तैलचित्रं लावलेली आहेत. १८७० मध्ये सांग्यात जन्मलेला हा चित्रकार मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकला आणि पुढे तिथंच शिकवू लागला. घरातली माणसं आणि खिडकीतून येणारा उजेड त्यांनी किती मायेनं रंगवलाय! चित्रकार धुरंधरांचं नाव आमच्या मुलांना निदान ऐकून माहीत असतं, त्रिंदादांचं तेही नाही.

आंजेलो द फोन्सेका यांच्यापाशी मात्र मला जरा थांबायचं आहे. जन्म १९०२, गाव सांत इस्तेव्ह, म्हणजे मांडवीच्या पाण्यात वेढलेलं जुवें बेट. वैद्यकीचं शिक्षण अर्ध्यावर सोडून ते चित्रकलेकडे वळले, जे. जे. सोडून शांतिनिकेतनला गेले, अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. गोव्यात परतल्यावर त्यांनी येशूची आई मारिया रंगवली ती साडीतली, सावळ्या वर्णाची, इथल्या मातीतली. त्या काळी तिथं हे रुचलं नाही. विरोध झाला आणि फोन्सेका पुण्याला आले. शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून ते काम करत राहिले आणि १९६७ मध्ये पुण्यातच वारले. त्यांच्या पत्नी आयव्ही यांनी चित्रं वर्षानुवर्षं जपली. आज त्यांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे.

ही चित्रं जवळ जाऊन बघावीत. जलरंगाचा पातळ थर द्यायचा, कागद पाण्यात भिजवायचा, वाळू द्यायचा, पुन्हा थर द्यायचा, अशी ती बंगाली वॉशची पद्धत. त्यामुळे रंग कागदाच्या आतून वर आल्यासारखा वाटतो. पदराची कड एका सलग रेषेत उतरते, कुठं हात अडखळलेला नाही. डोळे खाली झुकलेले. अंगावर मूल घेऊन ओट्यावर बसलेली बाई जशी दिसते, तशी ही देवाची आई दिसते. पुण्यात इतकी वर्षं राहिलेला हा माणूस आपल्या कलेच्या इतिहासात कितीसा आला? मी शिकले तेव्हा हे नाव मला कुणी सांगितलं नव्हतं.

चित्रकार वामन नावेलकरांची कहाणी तर अंगावर काटा आणते. पोंबुर्प्याचा हा मुलगा पन्नासच्या दशकात शिष्यवृत्तीवर लिस्बनला गेला. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा भारताचा निषेध करणाऱ्या पत्रकावर त्यानं सही केली नाही आणि शिष्यवृत्ती गेली. मग मोझांबिकमध्ये शिक्षकी, तिथं सत्ताबदलानंतर तुरुंगवास आणि पोर्तुगालला परतताना चित्रांनी भरलेली पेटीच हरवली. आयुष्यभराचं काम एका पेटीत गेलं. तरी ते ऐंशीच्या दशकात पोंबुर्प्याला परत येऊन रेखाटत राहिले, २०२१ मध्ये जाईपर्यंत. चित्राखाली ते ‘गणेश’ अशी सही करत, वारलेल्या भावाच्या नावानं.

इतकी माणसं नजरेआड का राहिली, याला कारणं आहेत. पोर्तुगीज अमलात गोव्यात कलाशिक्षणाची सोय नव्हती. ज्याच्या हातात कला, त्यानं मुंबई नाहीतर लिस्बन गाठायचं. पणजीचं कला महाविद्यालय १९७२ मध्ये सुरू झालं. तोवर साळगावचे चित्रकार सूझा मुंबईमार्गे परदेशी गेले होते, मडगावचे लक्ष्मण पै पॅरिसला दहा वर्षं राहून आले होते. मूळचे गोव्याचे गायतोंडे नागपुरात जन्मले आणि मुंबई-दिल्लीत राहिले. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयानं २०१४ मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. आपल्या वर्तमानपत्रांत ते येतात लिलावात चित्राला कोटींचा भाव मिळाला की. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा तेवढे कपांवर आणि टी-शर्टांवर दिसतात. २००७ मध्ये रणजित होस्कोटे यांनी पणजीच्या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीत ‘अपरांत’ हे प्रदर्शन भरवून जुन्या-नव्या गोमंतकीय चित्रकारांना एका छताखाली आणलं. तिथं सुरू झालेला विचार पुढं न्यायला हवा होता.

आजचं काम बघायचं तर पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत जावं. डॉक्टरी सोडून कलेत आलेले सुबोध केरकर यांनी तिथं २०१५ मध्ये ‘म्युझियम ऑफ गोवा’ उभं केलं. शिंपले, समुद्रानं झिजवलेलं लाकूड, जुन्या होड्या ही त्यांची सामग्री. माणसापेक्षा मोठी लालभडक मिरचीही तिथं आहे. मिरची पोर्तुगिजांनी अमेरिकेतून आणली, त्याआधी ती आपल्याकडे नव्हती. ठेच्याशिवाय ज्यांचं जेवण होत नाही त्या आमच्या मुलांना इतिहासाचा हा धडा त्या मिरचीपुढे उभं केल्यावर पाठ करावा लागणार नाही. डिसेंबरात पणजीत ‘सेरेंडिपिटी’ महोत्सव होतो, २०१६ पासून. तो चांगलाच आहे. पण मांडव उतरले की बाकीचं वर्ष उरतं. कुठल्याही मंगळवारी जाऊन बघता येतील अशा भिंती हव्यात, ही माझी गोवा सरकारकडे मागणी आहे.

कलेला गावात कायमची जागा कशी मिळते, याचं एक दूरचं उदाहरण सांगते. भूमध्य समुद्रात सार्डिनिया नावाचं बेट आहे. तिथंही लोक निळं पाणी बघायला जातात. त्याच्या डोंगरातल्या उलासाई गावानं आपल्या गावच्या मारिया लाई या कलावतीला युद्धस्मारक करायला सांगितलं. तिनं मेलेल्यांऐवजी जिवंत माणसांसाठी काहीतरी करायचं ठरवलं. १९८१ मध्ये सुमारे २७ किलोमीटर निळ्या कापडाची पट्टी दारोदार बांधत नेऊन अख्खं गाव वरच्या डोंगराला जोडलं. ज्या घरांचं पटत नव्हतं तिथं पट्टी नुसती सरळ गेली, मैत्री असेल तिथं गाठ, जिव्हाळा असेल तिथं गाठीबरोबर सणाचा पाव. आज तिथल्या जुन्या रेल्वे स्थानकात तिच्या कामाचं संग्रहालय आहे. बांधावरून भावाभावांत कोर्टकज्जे चालणाऱ्या आमच्या गावांना हे काम लगेच कळेल, कुणी समजावायची गरज नाही.

गोव्याला सांगताना आपल्या घरचंही बोललं पाहिजे. शिवाजी तुपे यांनी जलरंगात रंगवलेला नाशिकचा गोदाघाट आणि जुने वाडे ही आपल्या जिल्ह्याची ठेव आहे. प्रफुल्ल सावंत, राजेश सावंत यांच्या जलरंगांना परदेशात मान आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशकात मोठी कामं निघाली आहेत. त्या पैशातून गोदेची ही चित्रं बारमाही बघता येतील असं एक दालन गोदाकाठी व्हावं. सायखेड्यातल्या लोकांना गोदावरी पुरात घरात शिरते तेव्हाची माहीत आहे, कागदावर उतरलेलीही त्यांच्या पोरांना दिसू दे.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. यंदा गोव्याची सहल ठरवताना एक दिवस पणजीसाठी ठेवा. सकाळी फोंताइन्यस, मग मांडवी ओलांडून पर्वरी, पुढे पिळर्ण. सगळं जवळजवळ आहे. पर्वरीच्या केंद्राला आधी पत्र लिहून वेळ मागून घ्या. आणि प्रत्येक मुलाच्या पिशवीत एक स्केचबुक आणि पेन्सिल असू द्या.