होडीचा विमा : स्वस्त कागद नको, खरे संरक्षण हवे

चवथ आटोपली की आपल्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. नवा रंग, इंजिनची दुरुस्ती, नवी लाइफ जॅकेट यांवर मालक हात आखडता घेत नाही. विम्याची पाळी आली की मात्र प्रश्न एकच : "सगळ्यांत स्वस्त कुठला?" परवान्यापुरता कागद मिळाला की झाले, ही समजूत एखाद्या दिवशी घरादारावर पाणी सोडायला लावील.

रापणीवर पोट भरणारी कितीतरी घरे आज डॉल्फिन दाखवण्याच्या फेऱ्यांवर चालतात. मासेमारीत होडी बुडाली तर मालकाचे व खलाशांचे नुकसान होई. भाड्याच्या होडीत परक्यांची मुलेबाळे बसतात. धंदा बदलला, जोखीम बदलली. विम्याचा हिशेब मात्र जुनाच राहिला.

25 डिसेंबर 2024 रोजी कळंगुटला पर्यटकांची होडी उलटली. 20 जण वाचले, एकाचा मृत्यू झाला. त्याच्या आठवडाभर आधी, 18 डिसेंबरला, मुंबईहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळून 15 जण गेले. धडक दुसऱ्याने दिली, तरी लगेच चर्चा सुरू झाली ती 84 प्रवाशांचा परवाना असलेल्या बोटीत शंभरावर माणसे कशी, याची. चूक दुसऱ्याची असली तरी आपली कागदपत्रे तपासली जातातच.

म्हणून पॉलिसी घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, वापर. खासगी सहलीच्या बोटींच्या पॉलिसीत बहुधा अट असते, की कंपनीच्या संमतीशिवाय बोट भाड्याने द्यायची नाही. हप्ता कमी म्हणून अशी पॉलिसी घेऊन पर्यटक बसवले, तर अपघातानंतर कंपनी हात वर करील. 'प्रवासी भाड्याने नेण्यासाठी' हे शब्द पॉलिसीत लिहून घ्यावेत.

दुसरी, माणसे. होडीच्या सांगाड्याचा व इंजिनचा विमा म्हणजे प्रवाशांचा विमा नव्हे. प्रवाशाचा मृत्यू किंवा दुखापत यांची जबाबदारी वेगळी घ्यावी लागते. तांडेल व खलाशी हे नोकर. त्यांच्या भरपाईची सोयही स्वतंत्र पाहावी. रक्कम ठरवताना होडीची किंमत धरू नये, पूर्ण भरलेल्या होडीतली माणसे मोजावीत. पाच लाखांच्या होडीत पंधरा कुटुंबांचे कर्ते बसलेले असू शकतात.

तिसरी, हद्द. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने नदी व खाडीतील यांत्रिक नौकांना विमा सक्तीचा केला आहे. पण मांडवीपुरती घेतलेली पॉलिसी आग्वादच्या पलीकडे उघड्या समुद्रात लागू होईलच असे नाही. आपली फेरी कुठवर जाते ते आधी सांगावे.

चौथी, अटी. 1963 च्या सागरी विमा कायद्याप्रमाणे पॉलिसीत दिलेली हमी तंतोतंत पाळावी लागते. ती मोडली की, पॉलिसीत वेगळे लिहिलेले नसल्यास, त्या दिवसापासून कंपनी मोकळी होते. प्रवासीसंख्या, परवानाधारक तांडेल, पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ठेवणे, या गोष्टी हमी म्हणून आल्या असतील तर 'एकच जास्त बसवला' ही सबब चालत नाही.

"एवढा हप्ता आम्हा लहान माणसांना कसा झेपणार?" हा प्रश्न रास्त आहे. त्याला उपाय आहेत. होडी बांधून ठेवण्याच्या महिन्यांसाठी सवलत मागता येते. दहा-वीस मालक मिळून कंपनीशी बोलणी केली तर एकट्यापेक्षा बऱ्या अटी पदरात पडतात. यासाठी आपल्या मंडळाने पुढाकार घ्यावा आणि चवथीपूर्वी होडीमालकांची बैठक बोलवावी.

सरकारकडेही आपली मागणी स्पष्ट हवी. कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याने व पर्यटन खात्याने परवाना देताना पॉलिसीची नुसती तारीख पाहू नये. भाड्याचा वापर, प्रवाशांची जबाबदारी आणि फेरीची हद्द या तिन्ही गोष्टी तपासाव्यात. प्रत्येक होडीवर प्रवासीसंख्या व विम्याची मुदत मराठीत, कोकणीत व इंग्रजीत ठळक लावावी. नियम सर्वांना सारखे असले, तर प्रामाणिकपणे विमा भरणाऱ्याला कमी भाड्याच्या स्पर्धेत मार खावा लागणार नाही. मते मागायला दारी येणाऱ्यांना हा प्रश्न जरूर विचारा.

समुद्र आपल्याला नवा नाही. ज्याच्या भरवशावर पाहुणा आपल्या होडीत पाय ठेवतो, तो शब्द कागदावरही पुरा उतरला पाहिजे. या मोसमात होडी पाण्यात लोटण्यापूर्वी पॉलिसी एकदा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. समजली नाही तर मंडळात घेऊन या.