बोगदे बर्फापर्यंत पोहोचले. टायर मात्र मैदानीच

नवी दिल्ली : जर्मनीत ऑक्टोबर उजाडला की टायरच्या दुकानांपुढे मोटारींची गर्दी होते. ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ हा तिथला घरोघरी पाठ असलेला आडाखा. या काळात गाडीला हिवाळी टायर हवेत, एवढाच त्याचा अर्थ. या गर्दीत कौटुंबिक मोटारींबरोबर पोर्श ९११सारख्या स्पोर्ट्स कारही दिसतात. अशी गाडी हिवाळ्यात आच्छादनाखाली झाकून ठेवायची चीज आहे, असा सर्वसाधारण समज आहे आणि रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठाने पत्रा गंजेल या धास्तीने पुष्कळ मालक तसे करतातही. पण जे बर्फाच्या महिन्यांतही ती चालवतात, ते इंजिनाला हात लावत नाहीत. ते चार टायर बदलतात.

हा तपशील परदेशी धनिकांच्या हौसेचा म्हणून सोडून देता आला असता. पण गेल्या पाच-सहा वर्षांत हिमालयातल्या बोगद्यांनी बर्फ आपल्या मैदानी मोटारचालकांच्या आवाक्यात आणून ठेवला आहे. त्या बर्फात कोणत्या गाड्यांना सोडायचे, हे ठरवण्यासाठी आपल्या यंत्रणा आज जो निकष मुख्यतः लावत आहेत, तो अपुरा आहे. तो का अपुरा आहे, हे सर्वांत स्पष्टपणे कोण दाखवत असेल तर ती स्पोर्ट्स कारच.

ताकदवान गाडीला कारखान्यातून येणारे टायर बहुधा उन्हाळी जातीचे असतात. रुंद, बुटक्या कडांचे, उथळ खाचांचे. तापलेल्या डांबराला चिकटून राहील असे त्यांचे रबर असते. तापमान सात अंश सेल्सिअसच्या आसपास उतरू लागले की ते रबर ताठर होत जाते. रस्ता कोरडा असला तरी पकड कमी होते. बर्फ पडण्याचीही गरज नसते. शर्यतीच्या धाटणीच्या काही टायरांचे रबर कडक थंडीत तडकू शकते, म्हणून गोठणबिंदूखाली गाडी जागची हलवू नये, असे उत्पादकच बजावतात. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. त्याच्या नक्षीत असंख्य बारीक चिरा असतात. त्या चिरांत बर्फ धरला जातो आणि बर्फाची बर्फावर पकड बसते. हाताने दाबलेला बर्फाचा गोळा जसा घट्ट होतो, तसाच हा प्रकार.

रुंदीचाही प्रश्न आहे. कोरड्या रस्त्यावर रुंद टायर हे वैभव असते; भुसभुशीत बर्फात तो वरच्यावर तरंगू पाहतो. म्हणून जाणते मालक हिवाळ्यासाठी चाकाची रिम एखादा इंच लहान आणि टायर थोडे अरुंद घेतात. गाडीचा तळ जमिनीपासून दहा-बारा सेंटिमीटरवर असल्याने बर्फाचा थर त्याहून जाड झाला की गाडीच नांगर बनते. त्या दिवशी ती घरी ठेवावी लागते, त्याला इलाज नाही.

बाकी बर्फात स्पोर्ट्स कार मुळातच लंगडी असते, हे खरे नाही. मॉन्टे कार्लो रॅली ही आल्प्सच्या घाटांत जानेवारीत होणारी स्पर्धा. १९६४, १९६५ आणि १९६७ साली ती चिमुकल्या मिनी कूपरने जिंकली. १९६८ ते १९७० अशी सलग तीन वर्षे पोर्श ९११ने. मिनीचे इंजिन पुढे आणि तिची पुढचीच चाके फिरणारी. पोर्शचे इंजिन मागे आणि मागची चाके फिरणारी. दोहोंत समान धागा असा की इंजिनाचे वजन फिरणाऱ्या चाकांवरच पडत होते. चारही चाके फिरवणारी ऑडी क्वाट्रो १९८० साली आली आणि पुढे रॅलीचे चित्रच पालटले. तरीही कोणत्या टप्प्यावर कोणते टायर चढवायचे, हा त्या स्पर्धेतला निर्णायक डाव राहिला, तो आजतागायत.

ऑडीच्या त्या यशातून एक गैरसमजही रुजला. चारही चाके फिरतात म्हणजे गाडी बर्फात सुरक्षित, अशी जाहिरातींनी पोसलेली समजूत. चार चाकांची चालना गाडी पुढे जायला मदत करते. थांबायला ती जवळपास काहीच मदत करत नाही, कारण ब्रेक प्रत्येकच गाडीला चारही चाकांना असतात.

थोडे गणित मांडू. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक साधारण ०.८ असतो, दाबल्या गेलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३ आणि गुळगुळीत गोठलेल्या थरावर ०.१ किंवा त्याहूनही कमी. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या रस्त्यावर सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. दाबल्या गेलेल्या बर्फावर तिला सुमारे ४० मीटर लागतात, काचेसारख्या थरावर शंभराच्या जवळ. आता हाच थर उतारावर आहे असे समजू. शंभर मीटरला सहा मीटर उतरणारा रस्ता असेल, तर ताशी अवघ्या ३० किलोमीटर वेगातली गाडीही थांबायला सुमारे ९० मीटर घेईल. उतार शंभराला दहा झाला की ती थांबणारच नाही. चाके रुतवून धरली तरी गाडी घसरत खाली जाईल. दर हिवाळ्यात समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या मनाली परिसरातल्या चित्रफितींत दणकट जीप संथपणे, जणू सावकाशीने दरीकडे सरकताना दिसतात आणि चालक उडी टाकतो. त्या गाडीची ताकद कमी पडलेली नसते. तिच्या टायरला धरायला काहीच मिळालेले नसते.

युरोपात हे कायद्यात उतरायलाही वेळ लागला. जर्मनीने २००६ साली वाहतूक नियमांत ‘हवामानाला साजेसे टायर’ अशी मोघम तरतूद केली. २०१० साली ओल्डेनबुर्गच्या न्यायालयाने ती फेटाळली. साजेसे म्हणजे काय, हे नागरिकाला कळत नसेल तर त्याला दंड कसा करणार, असा त्या निकालाचा मथितार्थ होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुधारित नियम आला. गोठलेला रस्ता, दाबला गेलेला बर्फ, चिखलमिश्रित बर्फ, दहिवराचा निसरडा थर अशा परिस्थिती नावानिशी नोंदवल्या गेल्या आणि त्यांत हिवाळी टायर बंधनकारक झाले. तरीही ‘चिखल व बर्फ’ असे इंग्रजी आद्याक्षरांत छापलेला टायर चालत असे. ती अक्षरे उत्पादक स्वतःच छापत, त्यामागे कसलीही चाचणी नसे. ही पळवाटही बुजवली गेली. ३० सप्टेंबर २०२४नंतर तिथे तीन शिखरे आणि हिमकण असे चिन्ह असलेला, म्हणजे बर्फावर चाचणी उत्तीर्ण झालेला टायरच ग्राह्य आहे. उल्लंघन केल्यास चालकाला ६० युरो दंड आणि परवान्यावर एक दोषांक. अशी गाडी रस्त्यावर येऊ देणाऱ्या मालकाला वेगळा दंड. गाडी लाखाची आहे की कोटीची, तिचे इंजिन पुढे आहे की मागे, किती चाके फिरतात, यातले काहीच हा नियम विचारत नाही.

इतर देशांनी आपापल्या हवामानाप्रमाणे हाच मार्ग धरला. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तर असे टायर सक्तीचे आहेत. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च, मग बर्फ असो वा नसो. फ्रान्सने २०२१पासून डोंगराळ भागांसाठी नियम केला, पण हिवाळी टायर नसतील तर चाकांना लावायची चेन बरोबर ठेवण्याची मुभा दिली. आपल्या दृष्टीने हे फ्रेंच प्रारूप अधिक बोधप्रद आहे. तिथेही बर्फ सगळ्या देशात पडत नाही. मैदानातला माणूस सुट्टीला बर्फात जातो.

आपल्याकडे नेमके तेच घडू लागले आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला. त्यापूर्वी ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड वर्षातले जवळपास सहा महिने बंद असे आणि लाहौल जगापासून तुटलेले असे. आता बोगदा ओलांडला की सिस्सू. १३ जानेवारी २०२५ रोजी काश्मीरमध्ये सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि तिथेही हिवाळ्यात गाड्या पोहोचू लागल्या. लाहौलच्या रुग्णाला, शेतकऱ्याला, विद्यार्थ्याला या रस्त्यांनी जे दिले, त्याचे मोल पर्यटनाच्या हिशेबात मोजता येणार नाही. मात्र त्याच रस्त्यांवरून दिल्ली, चंडीगड, अहमदाबाद, पुणे, मुंबईच्या गाड्याही येतात. ऐन पौषात दुपारी तीस अंश तापमान असलेल्या गावातून निघालेले त्यांचे टायर तिसऱ्या दिवशी गोठणबिंदूखाली असतात.

अटल बोगदा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, जानेवारी २०२१मध्ये, त्याच्या दक्षिण मुखाजवळ अडकलेल्या तीनशेहून अधिक पर्यटकांना रातोरात बाहेर काढावे लागले. २७ डिसेंबर २०२४ रोजी सोलंग नाल्याजवळ सुमारे हजार वाहने अडकली. कुल्लू पोलिसांनी जवळपास पाच हजार लोकांची सुटका केली. घसरणाऱ्या गाड्यांना खांदा लावणारे, चाकांखाली माती टाकणारे हे पोलीस आणि रस्ता मोकळा करणारे सीमा रस्ते संघटनेचे कर्मचारी यांच्या कष्टांवरच आपली हिवाळी वाहतूक सध्या उभी आहे.

असे अडकणे म्हणजे केवळ गैरसोय नव्हे. जानेवारी २०२२मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात खोळंबलेल्या गाड्यांमध्ये किमान २२ जण मरण पावले, त्यांत मुलेही होती. ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवायचे, धुराडे बर्फाने बुजायचे आणि कार्बन मोनॉक्साइड गाडीत साचायचा, असे त्यातील अनेक मृत्यूंमागचे कारण मानले गेले. या वायूला वास नसतो. झोप लागल्यासारखे वाटते आणि जाग येत नाही. वरच्या वळणावर घसरून आडवी झालेली एक गाडी मागच्या शेकडो गाड्यांना या अवस्थेत आणून ठेवू शकते. टायर हा म्हणूनच ज्याचा त्याचा प्रश्न उरत नाही.

बर्फवृष्टीनंतर मनालीच्या पुढे प्रशासन बहुधा एक आदेश काढते : केवळ ‘फोर बाय फोर’ वाहनांना प्रवेश. पोलीस नाक्यावर हा निकष तपासायला सोपा आहे आणि अडकणाऱ्या गाड्यांची संख्या त्याने घटते, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो चढणाऱ्या गाडीची परीक्षा घेतो, उतरणाऱ्या गाडीची नाही. गोटा झालेल्या टायरची जीप नाक्यावरून सुटते आणि कसलेल्या स्थानिक चालकाची, चेन लावलेली साधी टॅक्सी अडवली जाऊ शकते. शिवाय या चिठ्ठीने चालकाच्या मनात भलताच आत्मविश्वास निर्माण होतो. डिसेंबर २०२३मध्ये कोंडीला कंटाळून एका पर्यटकाने लाहौलमधील चंद्रा नदीच्या पात्रातूनच आपली जीप हाकली होती. त्याला दंड झाला. पण ही वृत्ती काही त्याच्या एकट्याची नव्हे. काश्मीरमध्ये तंगमर्ग ते गुलमर्ग या चढणीवर बर्फ पडल्यावर चेनची अटही घातली जाते. देशातल्या देशात उपलब्ध असलेला तो अधिक शहाणा नमुना आहे.

आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटारीच्या टायरच्या खाचांची किमान खोली १.६ मिलिमीटर ठरवलेली आहे. ऑस्ट्रियात हिवाळी टायरसाठी ती ४ मिलिमीटर लागते, कारण खोली त्याखाली गेली की बर्फावरची पकड झपाट्याने ढासळते. २०२२मध्ये केंद्राने ओल्या रस्त्यावरील पकड, चालताना होणारा रोध आणि आवाज यांची मानके लागू केली. ते पाऊल स्वागतार्हच होते. मात्र बर्फाळ रस्त्यावर कोणता टायर हवा, याची सक्ती त्यातून येत नाही. त्यासाठी देशव्यापी कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ११५ सार्वजनिक सुरक्षेसाठी विशिष्ट रस्त्यावर वाहनांच्या वापरावर निर्बंध घालण्याचा अधिकार राज्यांना देते. सोलंग ते सिस्सू या पट्ट्यापुरती, ठरावीक महिन्यांसाठी, चिन्हांकित टायर किंवा चेन अशी अट हिमाचल सरकार घालू शकते. शब्द मात्र नेमके हवेत, नाहीतर जर्मनीच्या पहिल्या नियमासारखी गत व्हायची.

यावरचे आक्षेप खोटे नाहीत. वर्षातून चार दिवसांसाठी पुण्याच्या कुटुंबाने टायरचा दुसरा संच का घ्यावा? हिवाळी टायर आपल्या शहरांतल्या दुकानांत सहज मिळतही नाहीत. पण माल बनत नाही, अशी अडचण मुळीच नाही. मुंबईत मुख्यालय असलेली सीएट युरोपच्या बाजारात हिवाळी टायर विकते. अपोलो टायर्सने २००९मध्ये नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन ही कंपनी घेतली. तिच्या हिवाळी टायरांना तिकडे चांगले नाव आहे. भारतीय कंपन्यांचे हे टायर आल्प्सच्या घाटांत फिरतात, रोहतांगच्या पायथ्याशी मात्र ग्राहकाच्या नजरेस पडत नाहीत. पर्यटकासाठी चेन हा स्वस्त पर्याय आहे. मनालीत बर्फाचे बूट आणि कोट भाड्याने देणारी दुकाने रस्त्याच्या दुतर्फा आहेतच. त्यांच्या शेजारी चेन भाड्याने मिळणे आणि ती चढवून देणारा माणूस असणे यात अशक्य काही नाही. उलट तो स्थानिकांना रोजगार आहे. स्पोर्ट्स कारवाल्याची पंचाईत इथेही होईल. अनेक वेगवान गाड्यांच्या चाकाभोवती चेनपुरतीही जागा नसते. त्याला हिवाळी टायरच घ्यावे लागतील, किंवा गाडी मनालीत ठेवून स्थानिक टॅक्सीने जावे लागेल.

हा निर्णय फार काळ पुढे ढकलता येणार नाही. जुलै २०२४मध्ये शिंकू ला येथील ४.१ किलोमीटरच्या बोगद्याच्या कामाला प्रारंभ झाला. तो पूर्ण झाल्यावर झांस्करला बारमाही रस्ता मिळेल. झोजिला खिंडीखालचा बोगदाही खोदला जात आहे. त्यापलीकडे द्रास आहे, जिथे हिवाळ्यात पारा उणे वीस अंशांच्याही खाली जातो.